मोहिमेची तयारी

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण बुद्धिबळ खेळतात? उर्दूत या खेळाला तुम्ही शतरंज म्हणता. मराठी बुद्धिबळात वजीर असतो, प्यादे असते, शह असतो आणि मातही असते. हे सगळे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. आपल्या देशातला 'चतुरंग' इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला आणि 'शतरंज' हे नाव घेऊन पुन्हा आपल्याकडे आला. लढाईच्या शब्दांचेही तसेच झाले. फौज, लष्कर, रसद, कुमक, खंदक, बुरूज हे शब्द मराठी माणूस सहज बोलतो आणि उर्दू जाणणाऱ्याला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. या पाठाच्या नावातले 'मोहीम' आणि 'तयारी' हे दोन्ही शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत.

आज मी तुम्हांला ज्या मोहिमेविषयी सांगणार आहे, तिच्यासाठी घोडे किंवा तोफा लागल्या नाहीत. एक जुना संगणक होता, एक सोळा वर्षांचा मुलगा होता आणि त्याला खेळायचा असलेला एक नवा खेळ होता. मुलगा म्हणजे माझा भाचा. गाव आमचे वरोरा.

वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात, नागपूरहून चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन आमच्या गावाजवळच आहे, म्हणून हे नाव तुम्ही ऐकले असेल. एकोणिसाव्या शतकात येथे सरकारी कोळशाची खाण होती आणि त्या कोळशासाठीच वर्ध्याहून इथवर आगगाडी आली. ती खाण विसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली, पण भोवतालच्या मुलखात कोळसा आजही निघतो. कापसाचा व्यापारही इथे जुना आहे. हे सांगण्याचे कारण असे की, कोळशाची भुकटी, कापसाचे तंतू आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा, हे तिन्ही संगणकाचे वैरी आहेत. चौथी वैरीण म्हणजे लहरी वीज. चंद्रपूरला मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी वारा सुटला की आमच्या गल्लीतले दिवे जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

माझी ताई घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचे आणि अर्ज भरून देण्याचे काम करते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, शेतकऱ्यांच्या पीकविम्याचे अर्ज, दाखल्यांची कागदपत्रे, सातबारा असे सगळे तिच्याकडे येते. २०१६ साली तिने कर्ज काढून एक संगणक घेतला. त्याच संगणकावर घराचा किराणा चालत होता आणि टाळेबंदीच्या काळात भाच्याचे वर्गही त्याच्यावरच झाले होते. २०२१ च्या दिवाळीत भाच्याने आईला विचारले, "या मशीनवर मी एक नवा खेळ टाकू का?"

ताई हातातला अर्ज न सोडता म्हणाली, "काहून रे, खेळापायी मशीनचा जीव घेतोस का? ते बंद पडलं तं आपली चूल बंद पडते."

ताईचे म्हणणे खरे होते. पण मुलाची हौसही खोटी नव्हती. सुटीत एका दुकानात हिशेब लिहून त्याने आठ हजार रुपये जमवले होते आणि आईकडे तो एक पैसाही मागत नव्हता. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की वाद भांडून सुटत नाही, तो हिशेब मांडून सुटतो. संगणक उघडण्या-जोडण्याचे थोडेफार काम मी पूर्वीपासून करत आलो आहे. म्हणून ताईने मला बोलावले.

खेळ कोणता होता, ते आधी सांगतो. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाची खेळांची एक मालिका आहे. तिच्यातला पहिला खेळ १९९७ साली अमेरिकेत तयार झाला, दुसरा १९९९ साली आला आणि चौथा २८ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी, बाजारात आला. या खेळाच्या सुरुवातीला तुमच्या हाती एक लहानसे गाव आणि मूठभर गावकरी असतात. त्यांच्याकडून अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करायचे. घरे बांधायची, शेती करायची, तट घालायचा, सैन्य उभारायचे आणि एकेक युग ओलांडत पुढे जायचे. बुद्धिबळात समोरचा खेळाडू तुमची चाल होईपर्यंत थांबतो. इथे तो थांबत नाही. तुम्ही विचार करत असता, तेवढ्या वेळात त्याचे घोडेस्वार तुमच्या शेतात शिरलेले असतात.

चौथ्या खेळात पहिल्या दिवसापासून आठ राज्ये होती आणि त्यांतले एक दिल्लीच्या सल्तनतीचे होते. त्या राज्याची एक रीत मला फार आवडली. इतर राज्यांना नवी विद्या मिळवण्यासाठी सोने आणि अन्न खर्चावे लागते. दिल्लीला ती विद्या फुकट मिळते, पण वेळ फार लागतो. तो वेळ कमी करायचा असेल तर विद्वान तयार करून त्यांना मशिदीत बसवावे लागते. म्हणजे पैसा नसेल तर वेळ द्या, आणि वेळ वाचवायचा असेल तर जाणकार माणसे जोडा. आमच्या मोहिमेलाही हाच नियम लागू पडणार होता.

पहिल्या दिवशी मी भाच्याला संगणकाला हातच लावू दिला नाही. म्हणालो, "एक कोरा कागद घे आणि मधोमध रेघ ओढ. डावीकडे खेळ काय मागतो ते लिही. उजवीकडे आपल्याजवळ काय आहे ते लिही."

खेळ बनवणाऱ्यांनी दोन याद्या दिल्या होत्या. एक कमीत कमी गरजेची आणि दुसरी सुखाने खेळण्याची. कमीत कमी यादीत सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५० जीबी रिकामी जागा मागितली होती. प्रोसेसरच्या पोटात असलेल्या साध्या ग्राफिक्सवरही काम भागेल, असे म्हटले होते. सुखाच्या यादीत १६ जीबी रॅम आणि स्वतःची ४ जीबी स्मृती असलेले वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. आता उजवी बाजू पाहा. प्रोसेसर सहाव्या पिढीचाच होता. रॅम मात्र ४ जीबी. हार्डडिस्क ५०० जीबीची, पण रिकामी जागा जेमतेम ३० जीबी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली.

हे शब्द तुम्हांला अवघड वाटत असतील तर आपल्या स्वयंपाकघरात चला. हार्डडिस्क म्हणजे कोठीघर. सगळे धान्य तिथे साठवलेले असते. रॅम म्हणजे ओटा. लागेल ते कोठीतून काढून ओट्यावर मांडायचे आणि तिथे काम करायचे. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. ग्राफिक्स म्हणजे तयार पदार्थ ताटात वाढणारा माणूस. हात कितीही चपळ असले, तरी ओटा वीतभर असेल तर दर मिनिटाला एक डबा कोठीत ठेवून दुसरा आणावा लागतो. मग स्वयंपाक रेंगाळतो आणि आपण उगाच हातांना दोष देतो.

अशा खेळात हातांवरही ओझे मोठे असते. मोटारींच्या शर्यतीच्या खेळात पडद्यावर काही गाड्याच धावतात. इथे एकेका खेळाडूची लोकसंख्या २०० पर्यंत जाते. आठ खेळाडू असले तर १,६०० जीव पडद्यामागे हालत असतात. त्यांतल्या प्रत्येकाने झाडे, तट आणि नदी चुकवून कुठून जावे, ते संगणकालाच ठरवावे लागते. म्हणून हा खेळ सुरुवातीला हलका वाटतो आणि तासाभराने जड होतो. 'दहा मिनिटे तर छान चालला' एवढ्यावरून यंत्राची परीक्षा होत नाही.

भाचा तो कागद घेऊन बाजारात एका दुकानात गेला. दुकानदाराने कागदाकडे पाहिलेदेखील नाही. "जुने काढून टाक, नवाच घे, नाहीतर निदान मोठे ग्राफिक्स कार्ड तरी बसव," असे तो म्हणाला. त्या वर्षी जगभर चिपांचा तुटवडा होता. शिवाय आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ग्राफिक्स कार्डे ढिगांनी विकत घेत होते. त्यामुळे कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. आठ हजारांत चांगले नवे कार्ड मिळण्याची आशाच नव्हती. भाचा तोंड उतरवून घरी आला.

मी त्याला पानिपतची आठवण करून दिली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची फौज अहमदशाह अब्दालीशी लढली. मराठ्यांचा तोफखाना नामांकित होता. इब्राहिमखान गारदी त्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार होता आणि तो शेवटपर्यंत निष्ठेने लढला. मग पराभव का झाला? कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक मोठे कारण असे की, शत्रूने मराठ्यांची रसद तोडली होती. माणसे आणि जनावरे उपाशी होती. तोफा होत्या, पण दाणा नव्हता. "चार जीबी रॅमच्या संगणकाला महाग कार्ड बसवणे म्हणजे उपाशी फौजेला आणखी एक तोफ देणे," असे मी म्हणालो. तो हसला आणि पुन्हा कागद घेऊन बसला.

आता आमची रसद कुठे तुटते, ते शोधायचे होते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. वैद्य नाडी पाहतो, तसे त्यात संगणकाचे कोणते अंग किती दमले आहे ते दिसते. आम्ही ताईचे रोजचे काम चालू ठेवून तासभर पाहत बसलो. प्रोसेसर अर्धाही दमत नव्हता. रॅम मात्र काठोकाठ भरलेली होती आणि हार्डडिस्क सारखी शंभर टक्क्यांना टेकत होती. म्हणजे ओटा अपुरा आणि कोठीचे दार अरुंद. ताई पडद्याकडे पाहत म्हणाली, "म्हणूनच फोटो चढवताना ते अडते होय!" त्या क्षणी मोहीम एकट्या भाच्याची राहिली नाही.

आम्ही तीन नियम ठरवले. पहिला, ताईचे काम एक दिवसही थांबता कामा नये. दिवाळीचे काही दिवस खोली बंद असते, तेवढ्यातच सगळे उरकायचे. दुसरा, खर्च आठ हजारांच्या वर जाणार नाही. तिसरा, कशालाही हात लावण्यापूर्वी ताईच्या सगळ्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची. नुसती काढायची नाही, तर त्यांतल्या चार-पाच फाइली उघडून त्या खरोखर उघडतात का, तेही पाहायचे. त्या फाइलींत आमच्या शेजाऱ्यांचे दाखले होते. कोणा विद्यार्थिनीची वर्षाची शिष्यवृत्ती एका फाइलीवर अवलंबून होती. खेळ गेला तर पुन्हा मिळतो, विश्वास गेला तर मिळत नाही.

मग आम्ही संगणक अंगणात नेला. वायर काढली, बटन दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली, आणि डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवली. झाकण काढले तर आत वरोऱ्याचा नकाशाच होता! खाली काळी भुकटी बसली होती आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची गादी तयार झाली होती. हवा जायला फटच उरली नव्हती. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. उन्हाळ्यात दुपारी आपणही तसेच करतो, नाही का? पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरून ठेवला आणि मऊ ब्रशने सगळे झटकले. वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. आधी भरपूर काम दिले की प्रोसेसर ९४ अंशांवर जात होता. त्यानंतर तो ७२ च्या पुढे गेला नाही. खर्च झाला १५० रुपये.

पुढची पायरी रॅमची. रॅमची पट्टी विकत घेण्यापूर्वी जुन्या पट्टीवरचे लेबल वाचायचे असते. डीडीआर-थ्रीची पट्टी डीडीआर-फोरच्या खाचेत बसत नाही. आम्ही जुन्या पट्टीच्याच जातीची आणि वेगाची आणखी एक ४ जीबीची पट्टी आणली. तिला सुमारे १,७०० रुपये पडले. एकच ८ जीबीची पट्टी घेण्याऐवजी दोन पट्ट्या ठेवण्यात एक फायदा होता. आमच्याकडे वेगळे कार्ड नव्हते, म्हणून पोटातले ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरणार होते. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की माल नेण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ अशा ग्राफिक्सला होतो.

पट्टी बसवली, वायर जोडली, बटन दाबले. पडदा काळाच. आतून नुसता बीप बीप आवाज येऊ लागला. ताई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या हातातले पातेले तसेच राहिले. भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी म्हणालो, "बीप म्हणजे मरण नाही, निरोप आहे. यंत्र सांगते आहे की मला रॅम दिसत नाही." वायर पुन्हा काढली. दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या. जुन्या पट्टीच्या सोनेरी कडेवर पाच वर्षांचा मळ होता. भाच्याने दप्तरातले खोडरबर आणून ती कड हलक्या हाताने घासली, कपड्याने पुसली आणि दोन्ही बाजूंचा 'कट्' असा आवाज येईपर्यंत पट्ट्या नीट दाबल्या. या वेळी पडदा उजळला आणि त्यावर ८ जीबी असे अक्षर उमटले. ताईने पातेले खाली ठेवले आणि म्हणाली, "आता चहा घ्या."

त्यानंतर कोठीचे दार रुंद केले. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखा एक हात तिच्यावर जागा शोधत हिंडतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती फार चपळ असते. सुमारे २,५०० रुपयांत २४० जीबीची एसएसडी आली. तिच्यावर विंडोज आणि खेळ ठेवले. ताईच्या फाइली जुन्या डिस्कवरच राहिल्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एसएसडीमुळे खेळ लवकर उघडतो, नकाशे लवकर चढतात, पण लढाईतले चित्र त्यामुळे सुंदर होत नाही. कोणती वस्तू काय देते आणि काय देत नाही, हे माहीत असले की पैसा वाया जात नाही.

यूपीएसला ९०० रुपयांची नवी बॅटरी घातली. यूपीएसवर खेळत राहायचे नसते. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक रीतीने बंद करण्यापुरती काही मिनिटे तो देतो. आमच्याकडे ती मिनिटे लाखमोलाची असतात.

हिशेब झाला ५,२५० रुपये. उरले २,७५०. त्यांत मी थोडी भर घातली आणि खेळ रीतसर विकत घेतला. फुकटची चोरटी प्रत देणारे पुष्कळ जण भेटले होते. पण अशा प्रतीबरोबर कोणता विषाणू घरात येईल ते सांगता येत नाही, आणि त्या घरात शेजाऱ्यांचे दाखले होते. शिवाय चार वर्षे खपून कोणी एखादी वस्तू बनवली, तर तिची किंमत देणे हा साधा न्याय आहे.

आता शेवटची अडचण. खेळ ५० जीबीचा आणि भाच्याच्या मोबाइलला रोजचा २ जीबी डेटा. म्हणजे पंचवीस दिवस! इथे कुमक कामी आली. भाच्याचा एक मित्र दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला. त्याच्या घरी ब्रॉडबँड होते. भाच्याने त्याच्या संगणकावर आपले खाते उघडून रात्रभर खेळ उतरवला आणि बाहेरच्या डिस्कवर घालून सकाळी घरी आणला. मित्राच्या अम्मींनी येताना शेवयांचा डबाही दिला. मित्राची अट एकच होती. दिल्लीची सल्तनत त्याला हवी होती.

खेळ चालला का? चालला, पण मापात. पूर्ण आकाराच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. आम्ही ते १२८० गुणिले ७२० केले. ठिपके झाले ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सावल्या बंद केल्या, पाण्याची चमक कमी केली. चित्र थोडे साधे झाले, पण सैनिक हुकूम दिल्याबरोबर हलू लागले. रणनीतीच्या खेळात पाण्याच्या चमकेपेक्षा ते महत्त्वाचे असते. आठ जणांची लढाई आमच्या यंत्राला झेपली नसती. दोघांची झेपली. भाच्याने तेवढ्यावर समाधान मानले.

या मालिकेच्या पहिल्या खेळाची एक हकिकत मी दोघांनाही सांगितली. १९९७ च्या त्या खेळासाठी १६ एमबी रॅमचा संगणक पुरे होता. आमची ८ जीबी रॅम त्याच्या ५१२ पट झाली! त्या काळी घरातले इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून मुंगीच्या पावलांनी चालत असे. शेकडो सैनिक कुठे उभे आहेत, हे दर क्षणाला त्या तारेवरून कळवणे अशक्य होते. मग खेळाच्या कर्त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक संगणकावर तीच लढाई जशीच्या तशी चालवायची आणि तारेवरून फक्त हुकूम पाठवायचे: अमक्या तुकडीने तमक्या जागी जावे, एवढेच. ही युक्ती चालायला एक अट होती. सर्वांनी एकाच पावलाने चालायचे. ज्याचा संगणक सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळ्यांचा खेळ चाले. लष्कराची चालही नेहमी मागच्या बैलगाडीनेच ठरत आली आहे. संगणकाच्या पोटात काय, घरात काय, मागे राहिलेल्याला हात दिल्याशिवाय पुढच्याचा वेग उपयोगी पडत नाही.

यंत्र तयार झाले, तरी एक तयारी बाकी होती. प्रेमचंदांची शतरंज खेळणाऱ्या दोन मित्रांची कथा तुमच्यापैकी काहींनी उर्दूत वाचली असेल. लखनौचे राज्य १८५६ साली इंग्रजांच्या हाती जाते आणि हे दोघे सरदार पटापुढून उठत नाहीत. शतरंज वाईट नव्हती. उठण्याची वेळ त्यांना ठाऊक नव्हती. ताईने भाच्याला ती वेळ लिहून दिली. खोली संध्याकाळी बंद झाल्यावर दीड तास, आणि परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी. कागद पडद्याच्या कडेला चिकटवला होता. पहिल्या आठवड्यात तो दोनदा फाटला आणि ताईने दोनदा नवा लावला. तिसऱ्यांदा फाटला नाही.

दिवाळी संपली आणि ताईची खोली उघडली. रांगेतल्या पहिल्या मुलीचे फोटो आणि सही चढवायला पूर्वी फार वेळ जाई. आता ते काम ती मुलगी पैसे मोजेपर्यंत झाले. ताईने वर पाहिले नाही, पण त्या दिवशी तिने जास्त अर्ज घेतले. संध्याकाळी तिने भाच्यासमोर हजार रुपये ठेवले. "तुझ्या पैशांतून माझं काम वाढलं. हा माझा वाटा," असे ती म्हणाली. मुलाने आधी नको म्हटले. मग घेतले आणि त्यांतून संगणक पुसायचे ब्रश, पेस्ट आणि एक चांगला पेचकस आणला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले सहा संगणक त्याने अंगणात उघडून साफ केले. त्यांतल्या दोन घरांत लोक नवा संगणक घेण्याच्या विचारात होते. त्यांचे पैसे वाचले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज टेनची दुरुस्ती करणे कंपनीने थांबवले. त्यामुळे लोकांची कागदपत्रे त्या जुन्या यंत्रावर ठेवणे आता योग्य नव्हते. ताईने दुसरा संगणक घेतला. तो घेताना कोणत्याही दुकानदाराचे ऐकण्यापूर्वी तिने स्वतः एक कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढली.

मित्रांनो, तुमच्या घरात संगणक असेल किंवा नसेल. तुम्हांला शिलाई मशीन दुरुस्त करायचे असेल, सायकल रंगवायची असेल किंवा परीक्षेची तयारी करायची असेल. 'माझ्याजवळ काहीच नाही' असे म्हणण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहा. काय आहे ते लिहा, काय हवे ते लिहा आणि सर्वांत अरुंद जागा कोणती ते शोधा. मोठी खरेदी नेहमीच सुचवली जाते, पण पुष्कळदा अडलेले असते ते कापसाच्या चार तंतूंनी.